मुदत : अनंत

अनंतालाही शेवट असतो, हे पद्मजा बोरगावेला कळलं ते नेमकं अनंत चतुर्दशीच्या दिवशी, हातात वरणाची वाटी असताना.

मिरजेत त्या दिवशी शहाणा माणूस फोनच्या नादी लागत नाही. सकाळपासून ढोल, ताशे, बेंजो; बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना, तिथं फोनचं काय! घरात पद्मजा एकटीच होती. सासूबाईंचा दशलक्षण पर्वाचा शेवटचा, अनंताचा उपवास, तोही निर्जळी, म्हणून त्या बसदीत, जैन मंदिरात, जाऊन बसल्या होत्या. नवरा भूपाल मंडळाच्या गणपतीचा ट्रॅक्टर चालवायला गेला होता. जतच्या केंद्रातल्या मुल्ला सिस्टरांचा फोन तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा कुठं तिनं वाटी खाली ठेवली.

"मॅडम, सुट्टीच्या दिवशी तसदी देतेय," सिस्टर म्हणाल्या. "पण इथं चार पेशंट येऊन बसलेत. चौघांच्या मोबाइलवर एकच मेसेज. 'आपल्या खात्याची मुदत आज संपत आहे.' आता मण्याला कसली आलीय मुदत?"

"चुकून गेला असेल हो एखादा."

"चौघांना?"

पद्मजानं वाटी दूर सारली.

मणी म्हणजे गळ्यातला नव्हे, डोक्यातला. कंपनीनं त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण तांदळाच्या दाण्याएवढं ते यंत्र लोकांनी पहिल्याच वर्षी मणी करून टाकलं. फिट म्हणजे काय, तर मेंदूतल्या पेशींचा दंगा. एरवी प्रत्येक पेशी आपापल्या वेळी आपापलं काम करत असते. फिट येते तेव्हा लाखो पेशी अचानक एकाच ठेक्यावर नाचायला लागतात, आणि मग माणसाचं शरीर त्याचं राहत नाही. मणी हा ठेका सुरू होतानाच ऐकतो आणि त्याच्या उलट ठेक्याचा एक बारीकसा विजेचा झटका देऊन तो मोडतो. दंगा पेटायच्या आधीच विझतो.

पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा, आणि तोही रोज वेगळा. ताप आला, झोप झाली नाही, उपास घडला, की ठेका बदलतो. म्हणून मणी सतत आपली नोंद केंद्राच्या संगणकाकडं पाठवायचा आणि तिथून नवा हिशेब घ्यायचा. आता मेंदूत वीज सोडायची म्हणजे काही पोरखेळ नाही. उद्या कुणी भामट्यानं हुकूम धाडला तर? म्हणून प्रत्येक रुग्णाचं एक खातं असे, आणि खातं जिवंत असेल तोवरच मणी काम करे. खातं संपलं, की मणी मुकाट. आणि वर्षानुवर्षं मण्यावर विसंबलेल्या, गोळ्या कमी केलेल्या माणसाचा मणी एकाएकी गप्प झाला, तर दबलेला दंगा दामदुपटीनं उसळतो. एकापाठोपाठ एक फिट. त्यातून माणूस परत येतोच असं नाही.

या खात्यांचा सगळा डेटाबेस ज्या सॉफ्टवेअरमधून सांभाळायचा, त्याचं नाव होतं 'कारभारी'. आणि कारभारीतल्या खात्यांच्या मुदतीचे घोळ निस्तरणं हे पद्मजाचं काम.

भूपालच्या डोक्यात मणी बसून तीन वर्षं झाली होती.

तिनं लॅपटॉप उघडला. जतच्या त्या चार जणांची खाती काढली. मुदत : आज. सांगलीतली काढली. आज. गडहिंग्लज, विटा, पंढरपूर... आज, आज, आज. हजारो माणसं, आणि सगळ्यांची मुदत एकाच दिवशी.

"सिस्टर, त्या चौघांना तिथंच आडवं करून ठेवा. कुणाला घरी जाऊ देऊ नका," एवढं सांगून तिनं फोन ठेवला, आणि मग तिला दिसलं. मुदतीच्या रकान्यात आतून कुठलीही तारीख नव्हतीच. एक शब्द होता. तिनंच लिहिलेला. अनंत.

अगं बाई!

झालं होतं ते असं. कारभारीत जुनी एक खोट होती. मुदतीचा रकाना रिकामा ठेवला, म्हणजे 'या खात्याला मुदत नाही' असं माणसाला वाटे, पण कारभारी त्याचा अर्थ 'आजच' असा घेई. पाडव्याच्या सुमारास त्यापायी दोघांचे मणी बंद पडले. नशीब, दोघंही दवाखान्यातच होते. तेव्हा पद्मजानं उपाय केला, की रिकाम्या रकान्यात कारभारीनं आपणहून 'अनंत' असा शब्द लिहायचा. अनंत म्हणजे ज्याला अंत नाही. सगळं कसं छान चाललं होतं. नेर्लेकर सरांनी, म्हणजे तिच्या पुण्यातल्या साहेबांनी, मिठाईही पाठवली होती.

मग पंधरवड्यापूर्वी पुण्याच्या मंडळींनी कारभारीला नवीन अक्कल दिली. तालुक्याच्या सिस्टर तोंडानं बोलूनच नोंदी करायच्या, आणि बोलताना तारीख कोण सांगतं? "पाडव्यापर्यंत वाढवा", "पौर्णिमेला बोलवा", असंच सांगतात. म्हणून कारभारीला पंचांग शिकवलं. पौर्णिमा म्हटलं की तारीख, दसरा म्हटलं की तारीख. आणि अनंत म्हटलं की?

अनंत चतुर्दशी. गणिताचा अनंत आणि पंचांगाचा अनंत, कारभारीनं दोघांची गाठ मारून टाकली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय! आणि ज्या घरात आज सासूबाई अनंताचा उपवास करत होत्या, त्याच घरातल्या सुनेच्या हे डोक्यात आलं नव्हतं. पद्मजाला रडू फुटायच्या बेतात होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिनं पाहिलं. चतुर्दशी समाप्ती, सायंकाळी पावणेपाच. म्हणजे मुदतही तेव्हाच संपणार. आत्ता वाजले होते साडेतीन.

एकाच हुकमात सगळ्या खात्यांची मुदत बदलणं अवघड नव्हतं. पण त्याला दोन किल्ल्या लागत. एक तिची, एक नेर्लेकर सरांची. सर पुण्यात ढोलपथकात होते. कमरेला ढोल आणि खिशात फोन, तो काय डोंबल ऐकू येणार! तिनं फोन केला, पुन्हा केला, मेसेज टाकले, पथकातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर मिळतोय का ते पाहिलं. मिनिटं पळत होती. बाहेर ढोलाचा ठेका चालू होता आणि तिला प्रत्येक ठोक्याला कुठल्या तरी डोक्यातला मणी दिसत होता.

'चतुर्दशी संपूच नये,' ती स्वतःशीच पुटपुटली. आणि तिचे हात लॅपटॉपकडं गेले.

कारभारी पंचांग बघतो कुठं? सणवारांच्या यादीत. ती यादी भरतं कोण? ऑफिसच्या सुट्ट्यांसाठी दरवर्षी पंचांग समोर घेऊन पद्मजाच भरत असे. "आमच्या ऑफिसातल्या भटजीबाई," असं सगळे तिला चिडवत. आणि सणवारांच्या यादीला दोन किल्ल्यांचं कुलूप कोण लावणार? कुणीच लावलं नव्हतं.

तिनं यादी उघडली. अनंत चतुर्दशीच्या ओळीवर आली. बसदीच्या दिशेनं एकदा हात जोडले, देवाची क्षमा मागितली, आणि अनंत चतुर्दशी चौदा वर्षं पुढं ढकलली.

जतच्या चौघांची खाती पुन्हा काढली. मुदत : चौदा वर्षांनी. गडहिंग्लज, चौदा वर्षांनी. विटा, चौदा वर्षांनी. पद्मजा खुर्चीत मागं रेलली आणि मोठ्यानं हसली, एकटीच, वेड्यासारखी.

पण ती या धंद्यात जुनी होती. अजून आजचीच मुदत असलेलं कुणी उरलंय का, ते तिनं शोधून पाहिलं. अठरा खाती निघाली. त्यांचंही कारण लगेच ध्यानात आलं. गेल्या पंधरवड्यात ही खाती कुणी ना कुणी काही कामासाठी उघडली होती. पत्ता बदलायला, फोन नंबर घालायला. काम झाल्यावर 'जतन करा' दाबलं, की कारभारी सगळं पान नव्यानं लिहितो. तसं लिहिताना त्यानं 'अनंत' हा शब्द पुसून तिथं आजची आकड्यांतली तारीख आणि तिथी संपायची वेळ कोरली होती. आता पंचांग कितीही हलवलं तरी ती हलणार नव्हती. असू दे. एकेक खातं उघडून तारीख बदलायला दुसरी किल्ली लागत नाही. तिनं भराभर सतरा खाती उरकली.

अठरावं उघडेना. 'या खात्यावर आपला अधिकार नाही.'

खात्यावर नाव होतं, भूपाल आदगोंडा बोरगावे.

तिला तो दिवस लख्ख आठवला. मंडळानं या वर्षी ट्रॅक्टर भूपालच्या हाती द्यायचं ठरवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं भांडण. मणी बसायच्या आधी सतरा वर्षं त्यानं साधी सायकल चालवली नव्हती. मंडळात सांगताना अर्धशिशीवर भागवायचा. फिटचं कुणाला ठाऊक नव्हतं. आता डॉक्टरांनी गाडी चालवायची परवानगी दिली होती, आणि तो पोरासारखा हरखला होता. आणि पद्मजा काय म्हणाली? "अहो, चार दिवस तुमची झोप धड नाही. यंदा ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या."

"बघितलंस?" तो म्हणाला होता. "झोपेचं मी तुला सांगितलं नव्हतं. तरी तुला ठाऊक. माझी झोप तुझ्या संगणकात, माझा राग तुझ्या संगणकात. तू माझी बायको हैस का पहारेकरी?"

"काळजी वाटते म्हणून बघते."

"मग नको बघूस. माझ्या खात्यावरनं तुझं नाव काढ. आत्ता. माझ्यासमोर."

तिनं काढलं. त्याच्यासमोर बसून, डोळे पुसत, नातेवाइकांच्या रकान्यातून आपलं नाव पुसलं आणि 'जतन करा' दाबलं.

तेवढ्या एका दाबण्यानं तिनं नवऱ्याची मुदत आजच्या दिवसावर आणून ठेवली होती. आणि घरच्या माणसाचं खातं नोकरीच्या अधिकारानं उघडायचं नाही, त्यावर नातेवाईक म्हणून नाव हवं, असा केंद्राचा नियम होता. तो अधिकार आता तिला दोघंच परत देऊ शकत होते. एक नेर्लेकर सर, आणि दुसरा भूपालचा स्वतःचा अंगठा.

त्यानं फोन उचलला नाही. तो आत्ता माणसांच्या समुद्रात ट्रॅक्टर हाकत होता. पुढं लेझीम खेळणाऱ्या पोरी, बाजूला कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. पद्मजानं चपला घातल्या की नाही, तिला कळलं नाही. ती धावत सुटली.

एरवी दहा मिनिटांची वाट. पण मिरजेच्या मिरवणुकीत वाट अशी नसतेच. माणूस असतो आणि त्यापुढं माणूस. "अहो वहिनी, सावकाश!" "डोळं हैत का न्हाईत?" ती कुणाच्या हाताखालून, कुणाच्या पायावरून गेली. कुणीतरी गुलाल टाकला, तो डोळ्यांत गेला. स्वागतकमानीपाशी तर तिला वाटलं, संपलं, आता आपण काही पोचत नाही. शेवटी लक्ष्मी मार्केटच्या अलीकडं तिला केशरी फेटा दिसला. फेट्याखाली भूपालचा घामेजलेला, खुशीत आलेला चेहरा. तीन वर्षांत तिनं त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"अहो, उतरा! उतरा खाली!"

त्यानं तिला पाहिलं आणि हसून हात केला. त्याला वाटलं, दर्शनाला आलीय.

ओरडावं का? एकच शब्द पुरला असता. फिट म्हटलं असतं की बाबू कवठेकरानं, मंडळाच्या अध्यक्षानं, त्याला धरून खाली ओढला असता. पण मग उद्यापासून भूपालला कुणी ट्रॅक्टर काय, आरतीचं ताटही धरू दिलं नसतं. आपणच त्याचं गुपित फोडायचं? पद्मजा ट्रॅक्टरच्या पुढं गेली, छातीवर हात दाबला, आणि रस्त्यावर बसकण मारली.

"कळ आली... छातीत..."

ढोल थांबले. बायका ओरडल्या. करकचून ब्रेक लागला आणि भूपाल उडी मारून खाली आला. "पद्मा! ए पद्मा! बाबू, ट्रॅक्टर धर!" त्यानं तिला उचललं आणि गर्दीतून वाट काढत एका बंद बांगडीच्या दुकानाच्या पायरीवर आणून बसवलं. कुणीतरी पाणी आणायला पळालं. मिरवणूक हळूहळू पुन्हा सरकली.

"कुठं दुखतंय? रिक्षा बोलवू?"

"मला काही झालेलं नाही," पद्मजा म्हणाली. "तुमचा मणी बंद पडणार आहे. पावणेपाचला."

त्याच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि तिथं राग आला. "नाटक केलंस?"

"केलं. सकाळी मेसेज आला होता ना तुम्हाला?"

"आला हुता. म्हटलं, ही तुझीच शक्कल. मला ट्रॅक्टरवरनं उतरवायची."

पद्मजाला हे वर्मी लागलं. त्याला खरंच तसं वाटलं होतं. तिच्याच केंद्रातून आलेला मेसेज, आणि त्यानं तो मुकाट खिशात ठेवला होता, कारण तिच्यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

"अहो, आईशप्पथ, शक्कल नाही. चूक आहे. माझी चूक आहे. बाकी सगळ्यांचं निस्तरलं, तुमचंच राहिलंय. अंगठा द्या, मला अधिकार परत द्या, तारीख वाढवते. पाया पडते तुमच्या."

तिनं आपला मोबाइल पुढं धरला. भूपाल त्याच्याकडं बघत राहिला.

"आणि उद्यापासनं परत माझी झोप मोजणार."

"नाही मोजणार."

"मोजशील. तुला ठाऊक हाय, मोजशील." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "तुझी चूक झाली म्हणतीस. आन् पुन्यांदा झाली तर? माझं डोकं हाय हे, पद्मा. ते सदान्कदा तुझ्याच हातात का असावं?"

तिनं मोबाइल आणखी पुढं सरकवला. आणि मग त्याच्या खिशात फोन गुणगुणला. काढून बघायची गरज नव्हती. चतुर्दशी संपली होती.

समोरून दुसऱ्या मंडळाचा गणपती चालला होता. पद्मजा नुसती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

"पद्मा," भूपाल इकडंतिकडं बघत म्हणाला, "इथं कुठं गूळ जळतोय का?"

गूळ कुठंच जळत नव्हता. भूपालचं बालपण गुऱ्हाळावर गेलेलं. लहानपणापासून प्रत्येक फिटच्या आधी त्याला हाच वास यायचा. तीन वर्षांत तो एकदाही आला नव्हता. बोलून गेल्यावर त्यालाही उमगलं. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं तिच्या हातातला मोबाइल ओढला आणि अंगठा दाबला.

खातं उघडलं. मुदतीचा रकाना पुढं आला. रिकामा सोडायची तिची छाती नव्हती. काय लिहू? तिची बोटं आपोआप चालायला लागली. अ... नं... आज पंचांगात अनंत चौदा वर्षांनी होता. चौदा वर्षं काही बघायला नको.

भूपालनं तिचं मनगट धरलं. त्याचा डावा हात थरथरत होता, आणि ती थरथर तिच्या हातात उतरत होती.

"अनंत... नको," तो कसाबसा म्हणाला. जीभ जड झाली होती. "वर्षाची घाल. पुढल्या वर्षी... परत इचार मला. इचारून घाल."

"बरं. विचारीन. दरवर्षी विचारीन. हात सोडा, लिहू द्या मला!"

तिनं आकड्यांत तारीख लिहिली, एकेक आकडा डोळ्यांनी तपासला, आणि 'जतन करा' दाबलं. त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. थरथर कोपरापर्यंत चढली. तोंडाचा एक कोपरा ओढला गेला. ती त्याच्या कानात नुसतं "हाय मी, हाय मी" म्हणत राहिली. संगणकाच्या समोर वर्षानुवर्षं बसणारी ती बाई, आता तिच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मग थरथर मनगटापाशी आली. मग बोटांत. मग थांबली.

"गेला," भूपाल म्हणाला. "वास गेला."

पद्मजा ढसाढसा रडली. नेमका त्याच वेळी बाबू कवठेकर पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "वहिनी, रडू नका! दवाखान्यात जाऊ या लगेच. भूपाल, उठीव त्यास्नी."

भूपालनं बाटली घेतली. स्वतःच दोन घोट प्यायला.

"तिला काय नाही झालं, बाबू. आजारी मी हाय. मला फिट येती. लहानपणापासनं."

बाबूचं तोंड उघडंच राहिलं. "आन् अर्धशिशी?"

"थापा मारल्या. ट्रॅक्टर तूच ने तलावापर्यंत. मी मागनं चालत येतो."

बाबूनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा पद्मजाकडं. शिव्या घालायला त्यानं तोंड उघडलं असावं, पण मग डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाला, "चालत ये. पर वहिनीचा हात धरून ये."

तो गेला. पद्मजाचा फोन वाजला. नेर्लेकर सर. मागं ढोल वाजतच होते. "बोरगावे मॅडम, अहो, काय केलंत हे? सिस्टिम म्हणतेय आज अनंत चतुर्दशी नाहीच. सगळ्या ऑफिसची सुट्टी रद्द झालीय, लोक मला शिव्या घालतायत!"

"नंतर फोन करते सर, सगळं सांगते. तोवर यादीला हात लावू नका," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

दोघं उठून चालायला लागली. भूपालचा डावा हात तिनं घट्ट धरला होता. सोडायची हिंमत होत नव्हती. पुढं त्यांच्या मंडळाचा गणपती तलावाकडं वळत होता आणि सगळी गल्ली ओरडत होती, पुढच्या वर्षी लवकर या!

"कुठली तारीख घातलीस?" भूपालनं विचारलं.

"पुढच्या वर्षीची. पण गणपती बसायच्या आठ दिवस आधीची."

"आठ दिवस आधी कशाला?"

"तुम्हाला अंगठा द्यायला वेळ लागतो," पद्मजा म्हणाली.